पूर्णविरामानंतरच्या दोन स्पेस

माझे कान चांगले आहेत. चष्मा लागून बरीच वर्षं झाली, जिना चढताना गुडघे बोलतात, पण कान अजून शाबूत आहेत. ते तसे नसते तर आज मला निदान एक सबब तरी मिळाली असती.

कळंबला बस स्टँडच्या रस्त्यावर, एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर माझी टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. खाली खताची पोती आणि फवारणीची औषधं. त्यांचा वास जिन्यातून वर येतो. नवीन आलेली पोरं पहिला आठवडा नाकाला रुमाल लावून बसतात, मग त्यांना तो येईनासा होतो. पूर्वी इथे टाइपरायटर होते. सगळे एकदम सुरू झाले की खालचा दुकानदार म्हणायचा, “सर, वरतून गारपीट होऊन राह्यली.” पुढे सरकारने परीक्षा संगणकावर नेली. मी मशीनं भंगारात दिली, एक तेवढं दाराशी ठेवलं, आणि जुने संगणक आणून मांडले. शिकवणं मात्र तेच राहिलं. पाठ ताठ, मनगट वर, नजर कागदावर, बोटांकडे बघायचं नाही. स्वल्पविरामानंतर एक स्पेस, पूर्णविरामानंतर दोन.

हा दोन स्पेसचा नियम मला माझ्या गुरुजींनी शिकवला. ते लाकडी पट्टी घेऊन मागे उभे राहायचे. मी कधी पट्टी घेतली नाही, मी गुण कापले. पोरं टाइप करत असली की मी खोलीच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि ऐकतो. बाकीच्या कळांचा आवाज सारखाच असतो, पण स्पेस बारचा आवाज वेगळा, रुंद आणि पोकळ. पूर्णविरामानंतर तो दोनदा आला पाहिजे. एकदाच आला की मी वळून न बघता म्हणतो, “तिसऱ्या टेबलावर कोण हाये? दुसरी स्पेस कुठी गेली?” पोरं पाठीमागे मला ‘टकटक सर’ म्हणतात. मला ते माहीत आहे आणि आवडतंही. आवडायचं.

माझी मुलगी आठवीत असताना दाराशी ठेवलेल्या त्या मशीनवर शिकली. बोटं लहान होती, कळ पुरती खाली जायची नाही, तरी तिने कधी बोटांकडे बघितलं नाही. पुढे तिचा हात माझ्यापेक्षा चांगला झाला. यवतमाळला जाऊन-येऊन बी.एस्सी. केलं आणि घरी बसून काय करायचं म्हणून सकाळच्या बॅचा घेऊ लागली. त्या बॅचा तिच्यामुळेच भरल्या. आजूबाजूच्या गावांतले बाप आपल्या पोरींना एकट्या सरांकडे पाठवायला कचरत होते, मॅडम आहेत म्हटल्यावर पाठवू लागले. म्हणजे अर्धी इन्स्टिट्यूट तिच्या पायावर उभी होती. पुढचं सगळं कळायला हे माहीत असलेलं बरं.

प्रोग्रॅमिंग ती मोबाइलवर बघून बघून शिकली. इन्स्टिट्यूटच्या संगणकांना इंटरनेट नव्हतं. मीच घेतलं नव्हतं, पोरं परीक्षेचं सोडून भलतंच बघतात म्हणून. मग तिने एका मैत्रिणीकडून पेन ड्राइव्हवर लागतं ते आणलं, कोपऱ्यातल्या संगणकावर टाकलं आणि दुपारी बॅचा नसताना तिथे बसू लागली. मी विचारलं, “हे काय करून राह्यली वं?” तर म्हणाली, “बाबा, इथं बोटं चालून उपयोग नाई. इथं डोकं चालवा लागते.” माझ्याच इन्स्टिट्यूटमध्ये बसून ती हे बोलली. मी हसलो, पण ते मला लागलं होतं.

मग पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात तिला दिसली. मुलींसाठी एक वर्षाचा कोर्स, राहणं-जेवण तिथेच, फी नाही, आणि शेवटी नोकरी. अट एकच, अर्ज भरताना वयाची तेवीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. पहिली फेरी घरी बसून द्यायची होती. मोबाइलवर एक प्रश्न येणार, संध्याकाळपर्यंत प्रोग्रॅम लिहून पाठवायचा, आणि पाठवायचा तो एकदाच.

तो रविवार होता. बॅच नव्हती, खालचं दुकानही बंद होतं. ती सकाळीच येऊन बसली. मी चहा घेऊन वर गेलो तेव्हा प्रश्न आला होता. तिने मला वाचून दाखवला. नवशिक्यांसाठीच होता. इंग्रजीतला एक परिच्छेद दिला जाईल, त्यातली सगळी अक्षरं लहान असतील. प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करून परिच्छेद परत छापायचा. नमुना म्हणून एक गाव, एक नदी आणि एक पूल अशी बाळबोध वाक्यं दिली होती.

“एवढंच?” मी म्हणालो.

“एवढंच तर हाये. मले वाटलं काय डोंगर देतात न् काय नाई.”

तिने प्रोग्रॅम लिहिला आणि तो तपासायला नमुन्याचा परिच्छेद संगणकात घालायला घेतला. दुसऱ्या कोणी तो तसाच उचलून चिकटवला असता. पण आमच्या संगणकाला इंटरनेट नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात तसं आलंही नसतं. आमच्या घरात मजकूर उचलत नाहीत, टाइप करतात. तिने मोबाइल पडद्याला टेकवून उभा केला, पाठ ताठ केली, नजर मोबाइलवर ठेवली आणि मी शिकवलं होतं तसं एका लयीत टाइप करू लागली. मी मागे कपबशी धरून उभा होतो.

पहिलं वाक्य संपलं. टक-टक. दुसरं संपलं. टक-टक.

आणि माझी नजर मोबाइलवर गेली. पडदा लहान होता, अक्षरं बारीक. पण मी आयुष्यभर पूर्णविरामाच्या पुढची तेवढीच रिकामी जागा तपासत आलो आहे. तिथे एकच स्पेस होती. सगळ्या वाक्यांच्या मध्ये एकेकच.

मनात पहिल्यांदा आली ती तुच्छता. पुण्याचे शिकलेसवरलेले लोक, आणि यांना साधं टायपिंग येत नाही. हे बोलायला मी तोंड उघडलं होतं. अगदी उघडलं होतं. तेवढ्यात ती टाइप करता करताच, नजर न हलवता म्हणाली, “बाबा, पुण्याले थंडी लई असते का?”

मी तोंड मिटलं.

“स्वेटर ने सोबत,” मी म्हणालो.

तिने परिच्छेद पुरा केला, प्रोग्रॅम चालवला आणि पडद्यावर प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर मोठं होऊन आलं. तिने टाळी वाजवली. मग खुर्ची वळवून मला समजावून सांगितलं, “हे पाहा. जिथं टिंब आणि त्याच्यापुढं दोन स्पेस दिसल्या, तिथं वाक्य तोडलं. हरेक तुकड्याचं पहिलं अक्षर मोठं केलं. परत सारे तुकडे जोडले. झालं!” मला सगळं समजलं. इतकं स्वच्छ समजलं, की ज्या परिच्छेदात एकेकच स्पेस असेल तिथे हा प्रोग्रॅम काहीच तोडणार नाही, फक्त अगदी पहिलं अक्षर मोठं करून गप्प बसेल, हेही मला तिथल्या तिथे दिसलं.

“बरोबर हाये ना बाबा?”

“चालून राह्यलं ना? मंग बरोबरच हाये.”

तिने तो मोबाइलमध्ये घेतला आणि पाठवला. मी खाली उतरून कपबशी विसळली. विसळताना मी स्वतःशी म्हणालो, की आपल्याला यातलं काय कळतं, त्यांचं त्यांना ठाऊक. तेव्हाही मला माहीत होतं की मी खोटं बोलतो आहे. सकाळच्या बॅचेतल्या पोरींच्या चपला जिन्यात ओळीने लागलेल्या असतात, त्या मला दिसत होत्या. रविवार असल्यामुळे तिथे एकही चप्पल नव्हती, तरी दिसत होत्या.

निकाल मोबाइलवरच आला. निवड झाली नाही. खाली लिहिलं होतं, वेगवेगळे परिच्छेद देऊन तपासला, पहिली चाचणी बरोबर, उरलेल्या सगळ्या चूक. पहिल्या चाचणीत बहुधा एकच वाक्य असावं.

“पण माझ्याइथं तर चालून राह्यलं होतं!” ती म्हणाली. आईला म्हणाली, मला म्हणाली, मग संगणकालाच म्हणाली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती तो प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा चालवून बघत होती. दर वेळी परिच्छेद बदलायची आणि दर वेळी स्वतःच्या हातांनी टाइप करायची. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभा. टक-टक. टक-टक. दर वेळी प्रोग्रॅम बरोबर चालायचा. तिच्या बोटांना चूक करता येत नव्हती, म्हणून तिला चूक सापडत नव्हती.

तेव्हाही सांगता आलं असतं. मी जवळ गेलो आणि म्हणालो, “कायले जीव जाळतं? त्या लोकायले शहरातल्याच पोरी पाह्यजे असतात. कळंबचा पत्ता पाह्यला आन् बाजूले टाकलं असंन.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “बाबा, ते मशीन तपासते. त्याले पत्ता काय समजते?”

“मशीनच्या मांगं माणसंच असतात ना.”

ती परत संगणकाकडे वळली. त्या वेळी तिने ते मानलं नसावं. पण दुसरं काही कारण सापडत नाही म्हटल्यावर माणूस हाताला लागेल ते कारण धरून बसतो, आणि तिच्या हाताला लागेल असं मी हेच ठेवलं होतं.

पुढचे काही महिने शांततेत गेले. इन्स्टिट्यूट छान चालली. ती सकाळच्या बॅचा घ्यायची, दुपारी कोपऱ्यातल्या संगणकाकडे फिरकायचीही नाही. त्यावर मी नवीन आलेला एक विद्यार्थी बसवला. मधे तिचा तेविसावा वाढदिवस झाला. आईने शिरा केला, तिने दोन घास खाल्ले आणि बॅचला गेली. बायको म्हणाली, “पोरगी हसत नाई आताशा. लग्नाचं पाहाचं का?” मी म्हणालो, “पाहू ना, काय घाई हाये.” घाई मला कशाचीच नव्हती. मला पाहिजे होतं तसंच सगळं चाललं होतं.

हे असंच किती दिवस चाललं असतं, देव जाणे. पण एका सकाळी मी प्लायवुडच्या पार्टिशनमागे हजेरी लावत होतो. पलीकडे बॅच सुटली होती. केळापूरकडची एक पोरगी, मावशीकडे राहून शिकणारी, माझ्या मुलीला विचारत होती, “मॅडम, तो पुण्याचा फारम परत निंगाला म्हणतात. मी भरू का?”

आणि माझी मुलगी म्हणाली, “कायले भरतं वं? ते शहरातल्याच पोरी घेतात. कळंबचा पत्ता पाह्यला का बाजूले टाकतात.”

शब्द माझे होते. जसेच्या तसे. ती पोरगी “हो का,” म्हणाली आणि जिना उतरून गेली.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सांगून टाकावं असं दिवसभर वाटलं, पण सांगायची हिंमत झाली नाही. शेवटी मी एक पळवाट काढली. मला वाटलं, तो प्रश्न पुन्हा तिच्यासमोर आणावा, म्हणजे तिची चूक तिलाच सापडेल. मग मी कधी पाहिलं होतं आणि कधी बोललो नाही, हा विषयच निघणार नाही. माझ्या वयाच्या माणसाने इतकं हलकं डोकं चालवावं याची आता लाज वाटते. तेव्हा मात्र ते मला शहाणपणाचं वाटलं.

दुपारी मी तिला म्हटलं, “मले शिकव ना ते तुझं प्रोग्रॅमिंग. टायपिंगले किती दिवस पोरं येतीन? पुढं तीच बॅच सुरू करू.”

“तुमाले?”

“काहून, मले डोकं नाई का?”

ती बऱ्याच दिवसांनी हसली. “बसा मंग. पाठ ताठ. बोटायकडे पाहाचं नाई.”

सुरुवातीला बरं चाललं. ती माझ्याशी अगदी माझ्यासारखीच वागली. चूक झाली की मागून म्हणायची, “सर, कंस बंद कोण करंन, तुमचे गुरुजी?” मला मजा येत होती. चार-आठ दिवस अक्षरं मोजणं, शब्द उलटे छापणं असले खेळ झाल्यावर मीच म्हणालो, “तो परीक्षेतला प्रश्न देऊन पाहा ना मले.”

तिचा चेहरा उतरला. पण ती म्हणाली, “बरं. करा. तुमचं तरी चालते का पाहू.” मोबाइलमध्ये त्या प्रश्नाचा फोटो तिने अजून ठेवला होता. तो लावून तिने मोबाइल पडद्याला टेकवला आणि खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघत उभी राहिली. खाली पोती उतरवणाऱ्यांचा गलका चालला होता. तिची पाठ माझ्याकडे होती.

मी प्रोग्रॅम लिहिला. तिने शिकवलं होतं तसंच तोडायचं, मोठं करायचं, जोडायचं. कुठे तोडायचं ते लिहिताना मी टिंब दिलं आणि एक स्पेस दिली. मग नमुना टाइप करायला घेतला. पहिलं वाक्य संपलं.

टक.

मला स्वतःला ते कळलं नाही. इतक्या वर्षांत पूर्णविरामानंतर माझ्या अंगठ्याने कधी एकच ठोका दिला नव्हता. पण गेले आठ महिने मी त्या एका स्पेसशिवाय दुसऱ्या कशाचाही विचार केला नव्हता, आणि अंगठ्याला ते ठाऊक होतं. दुसरं वाक्य संपलं. टक.

खिडकीशी ती हलली नाही. फक्त म्हणाली, “परत टाइप करा.”

“काय झालं?”

“पयल्यापासून. परत करा.”

आता माझ्या लक्षात आलं. मी सगळं पुसलं, पुन्हा सुरू केलं आणि वाक्य संपताच दोन ठोके दिले. टक-टक.

ती वळली. “आता दोन काहून देल्या?”

ती टेबलाशी आली. मी लिहिलेली ओळ तिने वाचली. मग मोबाइल उचलला आणि दोन बोटांनी तो फोटो मोठा केला. पूर्णविरामावर आणला. सरकवला, पुढच्या पूर्णविरामावर आणला. असं तिने शेवटच्या वाक्यापर्यंत केलं. मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

“एकच हाये,” ती म्हणाली.

“हो.”

“तुमाले कसं माहीत?”

तेव्हाही मी म्हणू शकलो असतो, की आत्ताच नीट बघितलं. माझ्या तोंडावर ते आलंही होतं. पण तिचेही कान माझेच आहेत. तिने ऐकलं होतं.

“त्याच दिवशी दिसलं होतं,” मी म्हणालो. “तू टाइप करून राह्यली होती. तुह्या दोन ऐकू आल्या, आन् मोबाइलवर एक दिसली.”

“मंग बोलले काहून नाई?”

“मले वाटलं त्यायचीच चूक हाये. टायपिंगचा नियम तर…”

“बाबा.”

मी थांबलो.

“मी तुमाले विचारलं होतं. बरोबर हाये का, म्हणून विचारलं होतं ना? मंग तुमी म्हणले त्यायले शहरातल्या पोरी पाह्यजे. म्या ते पोरीयले सांगतलं. बॅचेतल्या पोरीयले! त्या दिवशी ती बिचारी फारमचं विचाराले आलती, तिलेबी सांगतलं.”

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, कारण मीही चढवला असता, बापाच्या आवाजात काहीतरी बोललो असतो आणि भांडणात ते निघून गेलं असतं. मी म्हणालो, “तू गेली असती तर सकाळची बॅच बंद पडली असती.” इतके दिवस मी हे वाक्य स्वतःशी सुद्धा पूर्ण उच्चारलं नव्हतं. बोललो तेव्हा ते कानाला फार लहान वाटलं. एवढ्यासाठी?

तिने विचारलं, “मंग तसं सांगाचं ना. मी थांबली असती.”

ती खरंच थांबली असती. तिला विचारायचंच मला सुचलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिने पुण्याचा अर्ज पुन्हा उघडला. जन्मतारीख भरली. पुढचं पान उघडेना. तिने तारीख पुन्हा भरली. मग आईला हाक मारून म्हणाली, “आई, माह्या वाढदिवसाचा शिरा लई महाग पडला.” बायकोला काहीच माहीत नव्हतं, ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि माझ्याकडे बघू लागली. मग सगळं मलाच सांगावं लागलं, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. ऐकून घेतल्यावर ती एवढंच म्हणाली, “एक शब्द होता तोंडात. तोबी आतच ठेवला तुमी.”

केळापूरच्या पोरीला मुलीने दुसऱ्या दिवशी तिच्या मावशीच्या घरी जाऊन गाठलं आणि अर्ज भरायला लावला. अजून मुदत होती, आणि तिचं वयही बसत होतं. तिचं पुढे काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायचं तोंड मला नाही. बॅचला ती आता येत नाही, यावरून काय समजायचं ते समजतो.

माझी मुलगी त्यानंतर दोन महिन्यांतच कळंब सोडून गेली. नागपूरला एका दवाखान्यात तिला काम मिळालं, डॉक्टरांनी लिहिलेलं संगणकात टाइप करायचं. मुलाखतीत म्हणे तिचा वेग बघून दोघे-तिघे टेबलाभोवती जमा झाले होते. बायकोने मला हे सांगितलं तेव्हा मला अभिमान वाटायला हवा होता. इथं बोटं चालून उपयोग नाई, असं म्हणणाऱ्या पोरीला शेवटी बोटांचंच काम मिळालं. तेवढंच मी तिला दिलं होतं. बस सुटेपर्यंत मी स्टँडवर उभा होतो. ती खिडकीतून आईशी बोलली, औषधं वेळेवर घे म्हणाली. मला म्हणाली, “सकाळच्या बॅचेतल्या चार नंबरच्या टेबलाचा स्पेस बार अडकते. पाहून घ्या.” बस वळून गेल्यावर बायको म्हणाली, “चला. आता घ्या तिच्या बॅचा.” तिने टोमणा मारला की नुसतं सांगितलं, मला ठरवता आलं नाही.

सकाळची बॅच दिवाळीपर्यंत कशीबशी टिकली. एकेक पोरगी कमी होत गेली. जिन्यात आता चपला दिसत नाहीत. ज्यासाठी मी ते केलं ते तरी उरलं असतं, तर निदान हिशेब जुळला असता.

रिकाम्या सकाळी मी कोपऱ्यातल्या संगणकावर बसतो. तो प्रश्न मी सोडवून टाकला होता, एका स्पेसचा. मधे एकदा तो प्रोग्रॅम मी तिला मोबाइलवर पाठवला. का पाठवला, सांगता येत नाही. विद्यार्थी वही दाखवतात तसाच असेल. दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं, “दोन स्पेस दिल्या तर चालते का? पाहिलं का?”

मी पाहिलं नव्हतं. दोन स्पेस देऊन चालवला तर चालेना. एका स्पेसवर तुकडा तुटायचा, दुसरी स्पेस पुढच्या तुकड्याच्या तोंडाशी राहायची, आणि प्रोग्रॅम बिचारा त्या रिकाम्या जागेलाच मोठं करायला जायचा. तिची चूक सुधारता सुधारता मी तिच्या उलट चूक केली होती. तिच्या प्रोग्रॅमला एक स्पेस कळत नव्हती, माझ्या प्रोग्रॅमला दोन.

मग मी तोडणंच सोडून दिलं. बरेच दिवस लागले, मला विचारायला कोणी नव्हतं. शेवटी जमलं ते फार साधं निघालं. एकेक अक्षर बघत जायचं. सुरुवातीला आणि टिंबानंतर लक्षात ठेवायचं, की आता येणारं अक्षर मोठं करायचं आहे. मधे स्पेस येवोत, एक, दोन, दहा, नाहीतर एकही न येवो, मोजायच्याच नाहीत. अक्षर आलं की मोठं करायचं आणि पुढे जायचं. मी एक स्पेस देऊन चालवला. दोन देऊन चालवला. स्पेस बार दाबून धरला आणि मग चालवला. दर वेळी बरोबर आला.

तो मी तिला पाठवला आहे. तिने पाहिल्याची खूण आली, उत्तर आलेलं नाही. संध्याकाळच्या बॅचला अजून पोरं येतात. परवा एक नवीन आला. पहिलाच परिच्छेद टाइप करत होता, वाक्य संपलं आणि ठोका एकच आला. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. सगळी खोली थांबली, आता सर बोलतील म्हणून.

मी बोललो नाही. थोड्या वेळाने, बाजूच्याने खुणावलं असेल म्हणून, तो पोरगा त्या टिंबापाशी परत गेला आणि दुसरी स्पेस देऊन आला.